खाडीपलीकडची गावे आणि त्यांचा कारभार

२०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांच्या वर असून त्यातील ग्रामीण लोकसंख्या शून्य आहे. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत आणि जिल्हा परिषदा ३४. ज्या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही ते मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. म्हणजे गोराईच्या वावरात भात लावणारा शेतकरी आणि मनोरीच्या बंदरात जाळे शिवणारा कोळी हे दोघेही सरकारदप्तरी पक्के शहरवासी ठरतात. याच मुंबईच्या बंदरात, गेटवेपासून लाँचने तासाभराच्या अंतरावर, घारापुरी नावाचे गाव आहे. ते मात्र रायगड जिल्ह्यात मोडते आणि तिथे सरपंच, ग्रामसभा, घरपट्टीची नोंदवही असा ग्रामपंचायतीचा सगळा संसार आहे. या दोहोंच्या मधला प्रकार उत्तनचा. ते ठाणे जिल्ह्यात असून मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत येते.

तिन्ही ठिकाणची माणसे समुद्रावर आणि थोड्याफार शेतीवर जगत आलेली, तिन्हींच्या कडेने तिवरांचे रान. पण एक गाव १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली, दुसरे १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली आणि तिसरे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली चालते. कायदा बदलला की गावाच्या रोजच्या जगण्यात नेमके काय बदलते, हे पाहण्यासाठी २०२५ च्या नोव्हेंबरात, भातकापणी उरकल्यावर, मी दादरहून निघालो. समुद्रकिनारे आणि लेणी वाटेत लागली, तेवढीच पाहिली.

मंगळवार : गोराई आणि मनोरी

बोरिवली पश्चिमेच्या गोराई जेट्टीवरून सुटणारी बोट काही मिनिटांत खाडी ओलांडते. बोटीत शाळेची मुले होती, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका होत्या आणि बरेचसे लोक पॅगोड्याला निघालेले होते. २००९ मध्ये खुल्या झालेल्या या विपश्यना पॅगोड्याच्या घुमटाखाली एकही खांब नसून आठ हजार माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात. त्याच्या शेजारचे, १९८९ पासून मुंबईच्या शाळकरी सहलींचे हक्काचे ठिकाण असलेले एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले. पूर्वी या बाजूला येणाऱ्या गर्दीपैकी फार थोडे लोक गावात शिरत, आणि आजही तसेच आहे.

गोराई, कुलवेम आणि मनोरी ही धारावी बेटाच्या दक्षिण भागातली गावे. बेटाच्या दक्षिणेला मनोरीची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उघडा समुद्र आणि पूर्वेला तिवरे, खाजण व मिठागरे. भाईंदरहून येणारा रस्ता असल्यामुळे आता याला बेट म्हणणे नकाशापुरतेच उरले आहे. भूगर्भाच्या दृष्टीने ही जागा मुंबईकरांच्या ओळखीच्या काळ्या बेसाल्टपेक्षा वेगळी आहे. मनोरी आणि गोराईच्या किनाऱ्यावर दिसणारा फिकट, करडा-पिवळसर खडक ट्रॅकाइट जातीचा असून दख्खनच्या ज्वालामुखींचा मुख्य भर ओसरल्यानंतर, सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तो तयार झाला. भरतीच्या रेषेपाशी या खडकाला हात लावला तर तो बेसाल्टसारखा गुळगुळीत लागत नाही, खरखरीत लागतो.

गावात ईस्ट इंडियन (म्हणजे मूळचे इथलेच, मराठी बोलणारे) ख्रिस्ती, ख्रिस्ती आणि हिंदू कोळी, भंडारी अशी मिश्र वस्ती आहे. जुन्या घरांना पुढे ओटी आणि वर मंगलोरी कौले. त्यांना खेटूनच आता शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बांधलेले बंगले. शेते कापलेली होती आणि खुंटांच्या मधून बगळे हिंडत होते. एका विहिरीच्या कठड्यावर भाजीचे आळे शिंपण्यासाठी लावलेला पंप चालू होता. विहिरीचे मालक काका म्हणाले की, घरात नळ आला तरी भाजीला आणि जनावरांना हीच विहीर. विहीर शेताच्या सातबाऱ्यावर आहे, घर गावठाणात आहे आणि घराचा मालमत्ता कर महापालिकेकडे जातो, हे सगळे त्यांनी एका दमात सांगितले. महसुलाच्या बाबतीत हा भाग बोरिवली तालुक्यात येतो, म्हणजे तलाठी आहे, तहसीलदार आहे. फक्त ग्रामपंचायत नाही.

मुंबईची हद्द १९५० मध्ये आणि मग १९५७ मध्ये वाढवण्यात आली. दुसऱ्या वाढीत दहिसर-मुलुंडपर्यंतची गावे महापालिकेत आली, त्यांतच ही खाडीपलीकडची गावेही. आता गोराईचे नागरी काम बोरिवलीच्या आर-मध्य विभागाकडे आणि मनोरीचे मालाडच्या पी-उत्तर विभागाकडे. एकाच बेटावरची, एकाच रस्त्याने जोडलेली ही दोन गावे वेगवेगळ्या विभाग कार्यालयांना बांधलेली आहेत आणि ती दोन्ही कार्यालये पाण्याच्या पलीकडे आहेत.

इथे एक साधा हिशेब मांडून पाहावासा वाटतो. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख आणि नगरसेवक २२७. म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी ५४ हजारांहून जास्त माणसे. गोराई किंवा मनोरी एकट्याच्या बळावर प्रभाग होऊच शकत नाही. त्यांचा प्रभाग खाडीच्या अलीकडच्या इमारतींनी भरलेला असतो, आणि निवडून येणाऱ्याचे मतदार बहुसंख्येने त्या इमारतींत राहतात. त्यात मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यापासून महापालिकेवर प्रशासक होता. मी गेलो त्या सुमारास प्रभागांच्या आरक्षणाची सोडत नुकतीच निघाली होती आणि तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर त्याचीच चर्चा चालू होती. जो तो आपापल्या जातीच्या आणि पक्षाच्या गणिताने बोलत होता. गावाचे काम कोणते, हा विषय मी काढल्यावरच निघाला.

तरीही, महापालिकेत असण्याचा फायदा काहीच नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता, आणि देशातल्या काही राज्यांनाही त्याचा हेवा वाटावा. रस्ता, दिवे, कचऱ्याची गाडी या गोष्टी गोराईत दिसतात. पण एवढा मोठा हात जेव्हा गावाकडे वळतो तेव्हा तो बहुधा शहरासाठी काहीतरी घ्यायला वळतो, असाही अनुभव आहे. मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा महापालिकेचा नियोजित प्रकल्प रोज २० कोटी लिटरचा आहे आणि पुढे तो दुप्पट करण्याची सोय त्यात धरली आहे. शहराला रोज सुमारे ४०० कोटी लिटर पाणी पुरवावे लागते, त्यामुळे प्रकल्पाची गरज समजते. मनोरीच्या कोळ्यांचा प्रश्न वेगळा आहे: मीठ काढून घेतल्यावर उरणारे अतिखारट पाणी नेमके कुठे सोडणार आणि तिथल्या मासळीचे काय होणार? हा प्रश्न गावाने एकत्र बसून, ठराव करून विचारावा अशी कायदेशीर जागा गावात नाही. शहरांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे त्या त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आहे खरी. मी ज्यांना विचारले त्यांच्यापैकी एकानेही अशी सभा पाहिलेली नव्हती.

संध्याकाळी मनोरीहून मार्व्याच्या बोटीने परतलो. या बोटीत माणसांबरोबर मोटारसायकलीही चढतात आणि कुणालाच त्याचे काही वाटत नाही.

बुधवार : उत्तन, चौक, डोंगरी

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेकडून उत्तनची बस मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे घेत जाते. दोन्ही बाजूंना मिठागरे आणि खाजणे आहेत. गोराईहून उत्तनला रस्त्यानेही येता येते. पण तेवढ्या वाटेत जिल्हा बदलतो, महापालिका बदलते आणि कचऱ्याच्या गाड्यांवरचे नावही बदलते. शेते, ताडमाडांची झाडे आणि घरे मात्र तीच राहतात.

मीरा-भाईंदर परिसर १९८५ पर्यंत ग्रामपंचायतींचा होता. त्या वर्षी काही ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, उत्तनकडची गावे त्यानंतर तिच्यात आली आणि २००२ मध्ये तिचीच महानगरपालिका झाली. त्यामुळे इथल्या साठीच्या पुढच्या माणसांना सरपंच आठवतो, आणि तुलना ऐकायची तर याच पिढीकडून ऐकावी. उत्तनच्या बंदरावर बोंबील सुकवणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “तेव्हा पैसा नव्हता, पण भांडायला माणूस समोर होता.” त्यांचे हात बोलताना थांबत नव्हते. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर टाकायची. माणसाच्या उंचीपेक्षा उंच असलेल्या त्या वलांडीवर बोंबलांचा पडदाच्या पडदा लोंबत होता आणि खालची वाळू त्यांच्या पाण्याने भिजली होती. डोळ जाळ्यांनी होणारी ही मासेमारी १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात थांबते. बाकी वर्षभर बंदरातल्या सोयी, बर्फ, डिझेल आणि सुकवण्याची मोकळी जागा हेच इथले नागरी प्रश्न. महापालिकेच्या नेहमीच्या कामांच्या यादीत यांतला एकही प्रश्न नीट बसत नाही.

सगळ्यात जुना आणि कडवट प्रश्न कचऱ्याचा आहे. २०११ मध्ये आठ लाखांच्या वर पोचलेल्या मीरा-भाईंदर शहराचा घनकचरा प्रकल्प उत्तनच्या धावगी डोंगरावर आहे. दुर्गंधी, आगी आणि डोंगरावरून शेतात उतरणारे पाणी यांविरुद्ध इथल्या ग्रामस्थांनी अनेकदा आंदोलने केली आहेत. महापालिकेत ९५ नगरसेवकांची तरतूद असल्यामुळे एका नगरसेवकामागे सरासरी साडेआठ हजार माणसे येतात, म्हणजे मुंबईपेक्षा हे प्रमाण पुष्कळच बरे. तरीही ९५ जणांच्या सभागृहात किनाऱ्याकडच्या गावांचे संख्याबळ किरकोळ ठरते, आणि कचरा कुठेतरी टाकायचाच असतो. मेट्रो ९ च्या कारशेडचेही असेच झाले. आधी ती राई-मुर्धा-मोर्व्याला होणार होती. तिथल्या लोकांनी विरोध केल्यावर डोंगरीकडे सरकली. मग डोंगरीच्या टेकडीवरच्या झाडांसाठी डोंगरीकर उठले. एका गावाने जिंकलेली लढाई शेजारच्या गावाच्या अंगणात जाऊन पडावी, ही रचना गावांनी केलेली नाही. तीही बाहेरूनच आलेली आहे.

उत्तनजवळच्या केशवसृष्टीत रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. लोकप्रतिनिधींना, त्यातही स्थानिक स्वराज्य संस्थांत निवडून आलेल्यांना कामकाजाचे शिक्षण देणारी ही संस्था नेमकी अशा जागी आहे की, जिथे त्या आठवड्यात एकही नगरसेवक पदावर नव्हता; इथेही २०२२ पासून प्रशासकच होता. योगायोग, पण नोंदवण्याजोगा.

दुपारी चौकला गेलो. बेटाच्या उत्तर टोकावरचा हा धारावीचा किल्ला वसईच्या मोहिमेत मराठ्यांना फार महत्त्वाचा होता, कारण इथून वसईच्या खाडीचे तोंड आणि पलीकडचा वसईचा कोट दोन्ही नजरेच्या टप्प्यात येतात. १७३९ मध्ये धारावी हाती आल्यावर, त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली. तिथे आता चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. मी मात्र पलीकडच्या वसईकडे वेगळ्या कारणाने पाहत होतो. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा आपल्याला त्यात जायचे नाही म्हणून तिथल्या गावांनी मोठे आंदोलन उभे केले. २०११ मध्ये सरकारने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली, आणि ते प्रकरण पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात राहिले. खाडीच्या अलीकडच्या उत्तनला १९८५ नंतर जे निमूटपणे घडले, त्यावर पलीकडची गावे एवढी वर्षे भांडत राहिली. पाण्याची ही एकच पट्टी, पण दोन काठांचा स्वभाव वेगळा दिसला.

गुरुवार : घारापुरी

गेटवेहून सकाळची पहिली लाँच घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर झालेल्या लाँचच्या अपघातानंतर लाइफ जॅकेट घालण्याबाबत लाँचवाले आग्रही झाले आहेत. थोडी कुरकुर करून सगळेच घालतात. डावीकडे माझगावच्या गोद्या मागे पडतात, मग तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप येते आणि त्यानंतर घारापुरीचे दोन डोंगर. लेणी सोमवारी बंद असतात आणि परतीची शेवटची लाँच संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटते. पाहुण्यांना बेटावर मुक्काम करता येत नाही.

या दोन डोंगरांच्या मधे एक अरुंद दरी आहे. पश्चिमेच्या डोंगरावर प्रसिद्ध शैव लेणी, पूर्वेच्या डोंगरावर बौद्ध अवशेष. डोंगर दीडशे मीटरच्या आसपास उंच. भरती-ओहोटीच्या पाण्यात बेटाचे क्षेत्रफळ खूप कमी-जास्त होते, कारण भोवताली सपाट चिखल आणि तिवरे आहेत. लाँच लागावी म्हणून लांबलचक धक्का बांधावा लागला आणि त्यावरून छोटी गाडी चालते, तिचे कारणही हेच. गावे तीन: धक्क्याजवळचे शेतबंदर, दक्षिणेचे राजबंदर आणि ईशान्येचे मोराबंदर. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव ज्या दगडी हत्तीवरून दिले तो राजबंदराजवळ होता. सध्या तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. तिन्ही वस्त्यांची मिळून लोकसंख्या सुमारे बाराशे.

लेण्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात भर घालत नाही. सदाशिवाच्या त्रिमुखी मूर्तीपुढे पाच मिनिटे उभे राहून मी पायऱ्या उतरलो. माझे काम धक्क्यावरच सुरू झाले होते. बेटावर उतरणाऱ्या पर्यटकाकडून ग्रामपंचायत प्रवासी कर घेते. रक्कम किरकोळ असते. पण पावती फाडणारा माणूस गावातला असतो आणि पैसा ग्रामनिधीत जातो. लेण्यांचे प्रवेशशुल्क भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे केंद्र सरकारकडे जाते. युनेस्कोने १९८७ मध्ये या लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्या कीर्तीमुळे येणाऱ्या गर्दीतून गावाच्या संस्थेच्या हाती थेट पडते ते या पावतीपुस्तकातून. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंची माळांची आणि सरबताची दुकाने हा वैयक्तिक कमाईचा भाग झाला.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेहमीचीच मांडणी होती: महापुरुषांच्या तसबिरी, लोखंडी कपाट, एक संगणक आणि बाहेर फलक. २०२४ पासून ग्रामसेवकाचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे, लोक मात्र अजून ‘भाऊसाहेब’च म्हणतात. मी कर आकारणीची नोंदवही कशी असते असे विचारले, तेव्हा कपाटातून निघाली ती लांबट, कापडी पाठीची वही. नमुना ८ म्हणजे आकारणी: घर क्रमांक, मालक, भोगवटादार, भिंत कशाची, छप्पर कशाचे, किती चौरस फूट, कर किती. नमुना ९ म्हणजे मागणी: मागची बाकी, चालू, वसूल. घरपट्टी, दिवाबत्ती आणि पाणीपट्टी यांचे रकाने ओळीने. कुणाचे छप्पर कौलांचे होते ते पत्र्याचे झाले, कुणाचे पत्र्याचे होते तिथे स्लॅब पडला, आणि मयत वडिलांचे नाव खोडून मुलाचे कधी लागले, हे सगळे त्या वहीत हाताने लिहिलेले आहे. मुंबईत माझ्या इमारतीचा मालमत्ता कर कुठल्या सूत्राने येतो ते मला आजतागायत समजलेले नाही; इथे एक माणूस बोट ठेवून सांगत होता.

१९५८ च्या कायद्याप्रमाणे १,५०० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सात सदस्य असतात, आणि २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट लोकांमधून निवडला जातो. बाराशे माणसांमागे सात सदस्य म्हणजे एका सदस्यामागे दीडशे-पावणेदोनशे लोक. कालच्या आणि परवाच्या आकड्यांशेजारी हा आकडा ठेवला की बाकी विवेचनाची फारशी गरज उरत नाही. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांना १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा असते. गणपूर्ती न झाल्याने सभा तहकूब होते, असेही पुष्कळदा घडते, आणि तसे घडले की त्याच जागी घेतलेल्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. जाणकार लोक ही सोय बरोबर वापरतात. ग्रामसभा हे काही रामराज्य नव्हे. पण इथल्या इतिवृत्ताच्या वहीत सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात, आणि ती माणसे दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर भेटतात.

आता याची दुसरी बाजू. या गावाला चोवीस तास वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. समोर न्हावा शेवा बंदराचे दिवे १९८९ पासून रात्रभर जळत होते, पश्चिमेला मुंबई झगझगत होती आणि मधे या बेटावर संध्याकाळी तीन-साडेतीन तास चालणारा डिझेलचा जनरेटर. शेवटी महावितरणने समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकली, त्यावर सुमारे २५ कोटी रुपये खर्च झाले. बाराशे लोकांच्या ग्रामपंचायतीने घरपट्टी आणि प्रवासी करातून ही रक्कम उभी करायची म्हटली असती तर किती पिढ्या लागल्या असत्या? ग्रामपंचायत ठराव करू शकत होती, पत्रे पाठवू शकत होती, आणि ते तिने केले. मोराबंदरकडच्या वाटेवर भेटलेले एक आजोबा सांगत होते की, वीज आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात गावात फ्रिज इतके आले की लाँचवर माणसांना जागा होईना.

गावच्या अधिकारांना आणखीही कुंपणे आहेत. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, हा नियम पुरातत्त्व कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीने पक्का केला. किनाऱ्याला किनारपट्टी नियमनाचे बंधन आहे आणि झाडोरा वनखात्याच्या नजरेखाली. त्यामुळे मुलाचे लग्न ठरले म्हणून एक खोली वाढवायची, तर सरपंचाची मर्जी असूनही भागत नाही. नमुना ८ मध्ये नोंद करणे ग्रामपंचायतीच्या हाती असते, परवानगी दुसऱ्याच कुणाच्या हाती. पाण्याचेही तसेच. बेटावर छोटे धरण आहे आणि पावसाचे पाणी साठते, पण उन्हाळा लांबला की गावकरी आणि पर्यटक यांत ते पुरवून वापरावे लागते.

मोराबंदरहून उत्तरेला पाहिले की अटल सेतू दिसतो. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल शिवडीहून निघून चिर्ल्याला उतरतो. घारापुरीच्या माणसाला मात्र तालुक्याच्या गावी जायचे तर आजही होडीच लागते.

शुक्रवार : उरण

ग्रामपंचायतीच्या वरचा टप्पा पाहायचा म्हणून भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या (हे उरणचे बंदर, घारापुरीचे मोराबंदर वेगळे) लाँचने उरणला गेलो. मोरा बंदरात गाळ साचत असल्याने मोठ्या ओहोटीला लाँच बंद ठेवावी लागते, म्हणून निघण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक पाहणे आवश्यक. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत रेल्वे सुरू झाली असल्यामुळे आता येताना दुसरा पर्याय असतो. शहराला नगरपरिषद आहे आणि तालुक्यातल्या ग्रामपंचायती पंचायत समितीला जोडलेल्या. १९६१ च्या कायद्याने, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत अशी तीन पायऱ्यांची रचना महाराष्ट्रात आली. मधल्या पायरीवर गटविकास अधिकारी बसतात. शाळा, घरकुल, पाणीयोजना यांची सगळी कागदपत्रे इथून वर अलिबागला जातात. त्या आठवड्यात सभापतींचे दालन मात्र रिकामेच होते, कारण रायगड जिल्हा परिषद आणि तिच्या पंचायत समित्यांचीही मुदत २०२२ मध्ये संपून तिथे प्रशासक बसलेला होता. मंगळवारपासून पाहिलेल्या सगळ्या संस्थांत लोकांनी निवडून दिलेले सभासद पदावर होते ते एकट्या ग्रामपंचायतीत, म्हणजे सर्वांत कमी पैसा असलेल्या संस्थेत.

उरण तालुक्याला सरकारशी जमिनीवरून झगडण्याची सवय जुनी आहे. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात माणसे गेली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईसाठी इथल्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाटा परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. पलीकडच्या पनवेलमध्ये २०१६ साली महानगरपालिका झाली तेव्हा २९ गावांच्या ग्रामपंचायती तिच्यात विरून गेल्या.

ताजा विषय ‘तिसऱ्या मुंबई’चा आहे. ऑक्टोबर २०२४ च्या अधिसूचनेने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण नेमण्यात आले. गावोगावच्या लोकांनी हरकती दाखल केल्या आहेत. पंचायत समितीच्या आवारात भेटलेल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंनी पिशवीतून आपल्या गावच्या ठरावाची प्रत काढून दाखवली. अशा नेमणुकीत ग्रामपंचायत बरखास्त होत नाही. घरपट्टी तीच घेते, दिवाबत्ती तीच पाहते, ग्रामसभाही भरते. जमिनीवर काय उभे राहील हे ठरवण्याचा अधिकार तेवढा प्राधिकरणाकडे जातो. ताईंचा प्रश्न असा होता की, शेत गेल्यावर आणि टॉवर आल्यावर त्या टॉवरचा नमुना ८ कोण लिहिणार? गावची ग्रामपंचायत, की एखादी नवी महानगरपालिका? सोबतचे विस्तार अधिकारी म्हणाले, सध्या तरी ग्रामपंचायतच, आणि पुढचे शासन ठरवेल. ताईंनी ठरावाची प्रत घडी करून पिशवीत ठेवली आणि तिची पोच घेण्यासाठी त्या आवक-जावकच्या टेबलापुढच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.